गाडीची रुंदी कोण ठरवते?

नोकरीनिमित्त टोकियोत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला तिथली मापे नव्याने शिकावी लागतात. राइस कुकरबरोबर मिळणारा कप १८० मिलिलिटरचा असतो. तांदूळ त्या कपाने आणि पाणी आपल्या नेहमीच्या मापाने घेतले, की भात गिचका होतो. भाड्याच्या घरातली खोली तातामी चटयांमध्ये मोजतात. क्योतोची पारंपरिक चटई टोकियोच्या चटईपेक्षा मोठी, म्हणून जाहिरातीत एका चटईमागे किमान १.६२ चौरस मीटर जागा धरावी, असा नियमच आहे.

जपानी माणूस मुळातच आटोपशीर, असा अर्थ यातून काढला जातो. तो पुरेसा नाही. पिवळ्या नंबरप्लेटच्या ‘केई’ गाड्या पाहा. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसी, या मर्यादा सरकारने आखल्या आहेत. त्या पाळणाऱ्या गाडीला कर कमी. मोठी गाडी घ्यायची, तर ती उभी करायला घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा आहे, असे पोलिसांचे प्रमाणपत्र आधी लागते. हा कायदा १९६२ चा. केई गाडीला ही अट पुष्कळ सौम्य, खेड्यांत तर बहुधा नाहीच. गल्ल्या अरुंद असल्या, तरी त्यांत मावणारी गाडी लोकांनी घ्यावी यासाठी धोरण राबवावे लागले.

याच घराण्यातल्या सुझुकी आल्टोवरून १९८३ मध्ये आपली मारुती ८०० आली. रुंदी जेमतेम १.४४ मीटर. पुढे २००६ मध्ये केंद्राने छोट्या गाडीला करसवलत दिली, पण व्याख्येत लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिनाची मर्यादा एवढेच घातले. रुंदी-उंचीचा उल्लेख नाही. परिणाम आपल्यासमोर आहे. कंपन्यांनी लांबी चार मीटरच्या आत राखली आणि गाड्या फुगवल्या. सवलतीस पात्र ठरणाऱ्या कित्येक एसयूव्ही आज सुमारे १.८ मीटर रुंद आहेत. पुण्यातल्या पेठांत किंवा गिरगावातल्या गल्लीत अशी एक गाडी कडेला लागली, की चालणाऱ्याला वाट उरत नाही.

पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी नको, ही चर्चा महाराष्ट्रातही झाली आहे. ती अट यायलाच हवी. मात्र तिच्या जोडीने करसवलतीच्या व्याख्येत जीएसटी परिषदेने रुंदीही घालावी. शहरांतल्या गल्ल्या वाढणार नाहीत. सवलतीची अट मात्र परिषदेच्या एका निर्णयाने बदलता येते.