लांबलेली पाळी आणि विनाचौकशीची गोळी

नवरात्रात नऊ दिवस मातृशक्तीचे पूजन करणारा आपला समाज त्याच मातेच्या मासिक धर्माविषयी वर्षभर मौन पाळतो. पाळी लांबली की दुकानातून चिठ्ठीवाचून घेतली जाणारी गोळी हे या मौनाचेच अपत्य आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा आपल्याला ठाऊक असते ते तेथील जलाशयामुळे. त्या परिसरातील वनवासी भगिनीच्या दृष्टीने हा प्रश्न पाहावा. रोवणीचे दिवस, कमरेइतके काम, अंगात रक्त कमी. अशा वेळी पाळी चुकली तर ती कोणाला सांगणार? पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. अशा स्त्रीचे गर्भारपण जोखमीचे असते. ते जितक्या लवकर कळेल तितके तिच्या हिताचे.

नॉरएथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके वैद्य पाच ते दहा दिवस देतात. ती थांबविल्यावर काही दिवसांत रक्तस्राव होतो. परंतु गर्भ राहिला असेल तर या गोळीने पाळी येत नाही आणि गर्भपातही होत नाही. मोलाचा वेळ मात्र निघून जातो. कारण थायरॉईडचे, बीजकोशाचे वा कुपोषणाचे असेल, तर पाळी आली तरी व्याधी आत तशीच राहते. लांबलेली पाळी हा रोग नव्हे, ती शरीराने दिलेली सूचना आहे.

या बाबतीत इतिहास बोलका आहे. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांची तीव्र मात्रेची मिश्रणे एके काळी पाळी आणण्यासाठी आणि गर्भचाचणी म्हणूनही सर्रास दिली जात. गर्भात व्यंग निर्माण होण्याच्या शंकेवरून त्यांविरुद्ध देशात दीर्घ संघर्ष झाला आणि १९८८ साली त्यांवर बंदी आली. बंदी आली, सवय मात्र गेली नाही.

स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्यांनीही येथे सावध असावे. कोरफडीचा सार, कासीस, टंकण व हिंग यांची रजःप्रवर्तिनी वटी आयुर्वेदाची असली, तरी ती गर्भिणीला वर्ज्य आहे. औषध आपले आहे म्हणून ते चौकशीवाचून घ्यावे, असे आयुर्वेद सांगत नाही.

मग करावे काय? आधी गर्भचाचणी, आशा कार्यकर्तीकडील ‘निश्चय’ संचाने ती घरीच होते. गर्भ नसेल आणि सलग तीन महिने पाळी आली नाही, तर रक्त, थायरॉईड व सिकलसेल यांची तपासणी. गर्भ असेल आणि तो नको असेल, तर १९७१ च्या कायद्याने नोंदणीकृत वैद्याचा मार्ग दाखविलेला आहे. दुकानातून परस्पर आणलेली गर्भपाताची गोळी जीवघेण्या रक्तस्रावास कारण होऊ शकते.

गावोगावी सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः भगिनींनी, हा विषय संकोच सोडून बैठकीत आणावा. मातेचा गौरव घोषणेने होत नाही. तिची चुकलेली तारीख घरात कोणी आपुलकीने विचारली, तर तो होतो.