आपली जागा घेणाऱ्याला शिकवताना

फुटबॉल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पायाने मारायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळात पायाचे काम थोडेच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे किंवा हाताने फेकायचे. डोक्याला हेल्मेट, खांद्यांना जाड गाद्या, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी आणि शंभर यार्डांचे मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही सरकले तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. वाचकांनी एवढे ध्यानात घेतले तरी पुढचे समजायला पुरे आहे.

या अकरांत एक गडी असतो, त्याचे नाव क्वार्टरबॅक. आजचा मजकूर त्याच्यावर, किंवा खरे सांगायचे तर त्या जागेवर उमेदवारी करणाऱ्या पोरावर आणि त्या जागेवर आधीच बसलेल्या माणसावर आहे.

क्वार्टरबॅकचे काम काय? प्रशिक्षक मैदानाबाहेरून त्याच्या हेल्मेटमधल्या छोट्या रेडिओवर डाव सांगतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद होतो. त्यापुढे हा एकटा. ऐकलेला डाव त्याने बाकीच्या दहा जणांना न चुकता सांगायचा. त्या डावाचे नाव म्हणजे दहा-पंधरा शब्दांची आगगाडीच असते. मग रांगेत उभे राहून समोरच्यांची मांडणी पाहायची. ती फसवी वाटली तर जागच्या जागी ओरडून डाव बदलायचा. चेंडू हातात आला की जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात शे-सव्वाशे किलोचे चार-पाच गडी अंगावर येत असतात, आणि आपला कोणता गडी मोकळा आहे, किंवा आणखी अर्ध्या सेकंदाने कोणता मोकळा होईल, हे ओळखून चेंडू फेकायचा असतो. नुसता हात ताकदीचा असून इथे भागत नाही. डोळे तयार लागतात, आणि डोळे तयार व्हायला वेळ लागतो.

कॉलेजातून एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा येतो. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये बत्तीस संघ आहेत. दर वर्षी वसंतात ते आळीपाळीने कॉलेजच्या खेळाडूंमधून आपापली निवड करतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. सगळ्यात मागे पडलेल्या संघाला सहसा पहिली पाळी मिळते. म्हणजे सगळ्यात हुशार पोरगा सगळ्यात मोडक्या घरात जातो! टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या नव्या संघाने २००२ साली पहिल्या पाळीत डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला आणि पहिल्याच सामन्यापासून त्याला उभे केले. पुढे ढाल धरणारे गडी कच्चे होते. त्या एका हंगामात कार चेंडूसकट ७६ वेळा जमिनीवर पाडला गेला. तो विक्रमच झाला. त्याच्याकडून ज्याची अपेक्षा होती ते पुढे कधी घडले नाही. उलट उदाहरणही आहे. पेटन मॅनिंग १९९८ साली असाच पहिल्या दिवसापासून खेळला. त्याचे २८ चेंडू विरुद्ध संघाने झेलले, सोळापैकी तेरा सामने त्याच्या संघाने गमावले, आणि तरीही पुढे तो त्या खेळातला एक थोर खेळाडू ठरला. तेव्हा आगीत टाकलेले प्रत्येक पोर जळतेच असे आम्ही म्हणत नाही. कोण जळेल आणि कोण तावून निघेल हे मात्र आधी कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी रीत थांबवून ठेवण्याची. पोराला अनुभवी माणसाच्या मागे वर्षभर बसवायचे, बघू द्यायचे. यात एक अडचण आहे, आणि आम्हांला सगळा रस त्या अडचणीतच आहे. त्या अनुभवी माणसाने हे का करावे? आलेला पोरगा उद्या त्याचीच जागा घेणार, हे शाळेतल्या मुलालाही कळते.

कॅन्सस सिटीच्या चीफ्स संघात २०१७ साली हेच घडले. क्वार्टरबॅक होता अ‍ॅलेक्स स्मिथ, वय तेहतीस. त्याची मागची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. २००५ च्या ड्राफ्टमध्ये तो सर्वांत पहिला निवडला गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथे सुरुवातीची कित्येक वर्षे डाव शिकवणारा प्रशिक्षक दर हंगामात बदलत राहिला. एकाने शिकवलेली भाषा दुसऱ्याने पुसायची, असा प्रकार. खांदा दुखावला, टीका झाली, तरी तो टिकला. २०१२ साली त्याचा खेळ चांगला बहरात असताना डोक्याला मार लागून तो बाहेर बसला. त्याच्या जागी त्याच्याच मागे शिकणारा कॉलिन केपर्निक उभा राहिला आणि झपाट्याने पुढे गेला. स्मिथ बरा झाला, पण जागा परत मिळाली नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो संघ सुपर बोल या अंतिम सामन्यात पोचला तेव्हा स्मिथ बाकावर होता. (हाच तो केपर्निक, ज्याने २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांवरील अन्यायाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला, आणि त्या हंगामानंतर ज्याला एकाही संघाने खेळवले नाही. त्याच्यावर वेगळे लिहावे लागेल.)

मग स्मिथ कॅन्सस सिटीला आला. आदल्या वर्षी दोनच सामने जिंकलेल्या त्या संघाने २०१३ मध्ये अकरा जिंकले. चार वर्षे त्याने संघ सांभाळला. आणि २७ एप्रिल २०१७ रोजी त्याच संघाने ड्राफ्टमध्ये सत्ताविसाव्या पाळीवरून दहाव्या पाळीवर उडी मारली, त्यासाठी पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली पाळीसुद्धा मोजली, आणि टेक्सासचा पॅट्रिक महोम्स हा क्वार्टरबॅक घेतला. एवढी किंमत कोणी राखीव खेळाडूसाठी देत नाही. स्मिथला अर्थ कळला नसेल असे म्हणणे म्हणजे त्याचा अपमान आहे.

एकदा हाताखालच्याने जागा घेतलेली, आता दुसरी वेळ. अशा वेळी माणूस काय करतो? आपल्यापैकी ज्यांनी कारखान्यात, वर्कशॉपमध्ये काम केले आहे त्यांना ठाऊक आहे. नवा माणूस आला की यंत्राकडे पाठ करून उभे राहणारे, हत्यार खिशात घालून घरी नेणारे जुने कारागीर आपण पाहिलेले आहेत. त्यांना सरसकट वाईट म्हणायला आमचे मन धजत नाही. पोटाची जागा होती ती.

स्मिथने आपली खोली आणि आपली वही उघडी ठेवली. त्याने काही व्याख्याने दिल्याचे कोणी सांगत नाही. पोराला आपल्याबरोबर बसू दिले, एवढेच. आठवडाभरात पुढच्या विरोधी संघाच्या सामन्यांच्या चित्रफिती कशा पाहायच्या, कोणत्या प्रसंगी ते कसे उभे राहतात याची टिपणे कशी करायची, कोणत्या दिवशी काय पाठ करायचे, शरीराची निगा कशी ठेवायची, हे महोम्स रोज शेजारी बसून पाहत होता. कॉलेजात महोम्सला बाहेरून खुणांनी डाव कळत. गड्यांचा घोळका करून लांबलचक डाव बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती. ती सवय करावी लागली. सरावात राखीव क्वार्टरबॅकला विरुद्ध संघाच्या क्वार्टरबॅकचे सोंग घ्यावे लागते, म्हणजे आपल्या बचावाला तालीम मिळते. महोम्स त्या सोंगात एकीकडे पाहून दुसरीकडे चेंडू फेकण्याचे प्रयोग करी. चुकले तरी नुकसान नव्हते. चुकायला मिळालेली जागा, हीच त्या वर्षाची खरी कमाई असे आम्हांला वाटते.

आणि गंमत पाहा, त्याच वर्षी स्मिथ आयुष्यातला सर्वांत चांगला खेळ खेळला. ४०४२ यार्ड फेकी, २६ टचडाउन, आणि विरुद्ध संघाच्या हाती गेलेले चेंडू फक्त पाच. त्या हंगामात फेकीच्या गुणांकात तो सगळ्या लीगमध्ये पहिला होता.

महोम्सला एकच सामना मिळाला, ३१ डिसेंबर २०१७ रोजी डेन्व्हरला. बादफेरीतली जागा आधीच पक्की झाली होती म्हणून स्मिथला विश्रांती दिली होती. संघ दहा गुणांनी पुढे असताना महोम्सला बाहेर घेऊन तिसऱ्या क्वार्टरबॅकला पाठवले. बरोबरी झाली. मग महोम्सला पुन्हा आत पाठवले आणि शेवटच्या मिनिटांत त्याने संघ पुढे नेऊन सामना २७-२४ असा जिंकून दिला. पुढच्याच आठवड्यात बादफेरीत स्मिथचा संघ मध्यंतराला २१-३ असा पुढे असूनही टेनेसीकडून २२-२१ असा हरला. जानेवारी संपायच्या आत स्मिथला वॉशिंग्टनला देण्याचा सौदा ठरला.

२०१८ मध्ये महोम्सने ५० टचडाउन फेकले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅन्सस सिटीने पन्नास वर्षांनी सुपर बोल जिंकला, नंतर २०२३ आणि २०२४ मध्येही. त्या पहिल्या वर्षी स्मिथकडून किती मिळाले हे महोम्स जाहीरपणे अनेकदा बोलला आहे.

सगळेच स्मिथ नसतात. ज्या २००५ च्या ड्राफ्टमध्ये स्मिथ पहिला होता, त्यातच अ‍ॅरन रॉजर्स तासन्‌तास बसून राहिला आणि चोविसाव्या पाळीत ग्रीन बे संघाने त्याला घेतले. तिथे ब्रेट फाव्हर हा मोठा नावाजलेला क्वार्टरबॅक होता. दोघांत फारसा जिव्हाळा नव्हता. रॉजर्सने तीन वर्षे बाकावर काढली. फाव्हरने मार्च २००८ मध्ये डोळ्यांत पाणी आणून निवृत्ती जाहीर केली, उन्हाळ्यात विचार बदलला, आणि शेवटी त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवावे लागले. रॉजर्सने फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल जिंकला. म्हणजे न शिकवताही पोरगा शिकतो, बघून शिकतो. पुढे २०२० मध्ये ग्रीन बेने रॉजर्सच्याच मागे जॉर्डन लव्ह आणून बसवला. तोही तीन वर्षे थांबला, आणि २०२३ मध्ये रॉजर्सची रवानगी झाली ती कुठे, तर त्याच न्यूयॉर्क जेट्सकडे!

आता अशी वाट पाहणारे संघ थोडे. कारण पैसा. २०११ पासून नव्या खेळाडूंचे पगार ठरवून टाकलेले आहेत. पहिल्या फेरीतल्या पोराचा करार चार वर्षांचा, आणि संघाला हवे तर पाचवे वर्ष. तेवढा काळ तो स्वस्त. बाकावर गेलेले प्रत्येक वर्ष म्हणजे मालकाच्या हिशेबी वाया गेलेले स्वस्त वर्ष. शिवाय हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाची स्वतःचीच नोकरी डळमळीत असते, तो पोराला दोन वर्षे कशाला पिकू देईल? अँडी रीड हा कॅन्सस सिटीचा प्रशिक्षक थांबू शकला याचे कारण त्याचा संघ जिंकत होता.

पण थांबायला मिळणे हेसुद्धा प्रत्येकाच्या वाट्याला आले नाही. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर हे नाव आले, त्या समाजातल्या मुलांना ही जागा बरीच वर्षे बंदच होती. पळावे त्यांनी, धडक मारावी त्यांनी. डोक्याचे काम दुसऱ्यांचे, असा उघड समज होता. मार्लिन ब्रिस्को १९६८ मध्ये डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळला, चांगला खेळला. पुढच्या वर्षी त्याला ती संधी नाकारली आणि त्याने दुसऱ्या संघात जाऊन चेंडू झेलणाऱ्याची जागा धरली. वॉरन मूनला १९७८ मध्ये कोणीही निवडले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनच्या संघाबरोबर सलग पाच वेळा तिथले अजिंक्यपद जिंकला, तेव्हा कुठे १९८४ मध्ये ह्यूस्टनने त्याला बोलावले. ३१ जानेवारी १९८८ रोजी वॉशिंग्टनच्या डग विल्यम्सने एकाच पंधरा मिनिटांच्या सत्रात चार टचडाउन फेकून सुपर बोल ४२-१० असा जिंकला, तोही बहुतेक हंगाम राखीव म्हणून काढल्यावर. महोम्सचे वडील कृष्णवर्णीय आहेत. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये तो आणि फिलाडेल्फियाचा जेलन हर्ट्‌स समोरासमोर आले, तेव्हा अंतिम सामन्यातले दोन्ही क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असण्याची ती पहिलीच वेळ होती.

स्मिथचे पुढे काय झाले हे सांगायचे राहिले. वॉशिंग्टनला गेल्यावर त्याच वर्षी, १८ नोव्हेंबर २०१८ ला, त्याच्या उजव्या पायाची नडगी मोडून हाड बाहेर आले. जखमेत जंतू शिरून मांस सडू लागले. पाय कापावा लागेल की जीव जाईल, अशी पाळी आली. सतरा शस्त्रक्रिया झाल्या. जवळजवळ दोन वर्षांनी, ११ ऑक्टोबर २०२० रोजी, तो पुन्हा मैदानात उतरला. पायावर पट्टा होता, पाऊस होता, बायको-मुले प्रेक्षकांत बसलेली होती. थोड्याच वेळात लॉस एंजेलिसचा अ‍ॅरन डोनाल्ड हा महाकाय गडी त्याच्या पाठीवर लटकला. पाय टिकला. सामना हरला, पण त्या हंगामात सुरुवातीपासून खेळलेल्या सहापैकी पाच सामने त्याने जिंकून दिले. एप्रिल २०२१ मध्ये त्याने खेळ सोडला. सुपर बोलमध्ये एकही चेंडू फेकायला त्याला कधी मिळाला नाही.