नुक्त्यात हरवलेलं नाव

गेल्या महिन्यात आमची भाची फ़ातिमा मोहल्ल्यातल्या लायब्ररीतून हिरमुसून परतली. "मामू, माझं नावच यादीत नाही म्हणे!" दोन वर्षांपासूनची सभासद, अनामत भरलेली, आणि पुस्तक मात्र मिळालं नाही. आम्ही तिला घेऊन लायब्ररीत गेलो. तिथल्या आपांनी कॉम्प्युटरवर नाव टाकलं. उत्तर आलं, असा सभासद नाही. मग पूर्ण यादी उघडून वरून खाली वाचली, तर फ़ातिमा तिथेच होती, नुक्त्यासकट. आपा म्हणाल्या, "भाईजान, नुक्ता काढून टाकू या. कटकट मिटेल."

सल्ला सोपा होता. पण नाव तिच्या दादींनी ठेवलेलं आणि नुक्त्यासह लिहायला शिकवलेलं. यंत्राला समजत नाही म्हणून माणसाने नाव बदलायचं का? आम्ही कारण शोधायला बसलो.

कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, त्याला फक्त क्रमांक कळतो. जगातल्या बहुतेक लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीला युनिकोड म्हणतात. त्यात नुक्त्याचा 'फ़' दोन प्रकारे लिहिता येतो. एक, सबंध अक्षर म्हणून, क्रमांक २३९८. दुसरा, साधा 'फ' २३४७ आणि त्यापुढे नुक्ता २३६४. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. लायब्ररीत नाव पूर्वी एका कीबोर्डवर नोंदलं होतं आणि आता ते दुसऱ्यावर टाइप करून शोधलं जात होतं. आपल्या डोळ्यांना एक, यंत्राला दोन.

यावर इलाज आहे. नाव साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा ते आधी एकाच ठरलेल्या रूपात आणायचं. युनिकोडने ही रूपं ठरवून दिलेली आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती वापरली की झालं. पण ज्याच्या भाषेत नुक्ता नाही, त्याला ही अडचण दिसणार कशी?

असंच तुर्कस्तानच्या लोकांनीही सोसलं. १९२८ साली त्या देशाने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेतली. त्यात 'आय' हे अक्षर दोन आहेत, एक टिंबाचं आणि एक बिनटिंबाचं. दोघांचं मोठं आणि छोटं रूप आपापलं. इंग्रजीत मात्र छोट्या 'आय'वर टिंब आणि मोठ्यावर नाही. वेबसाइट बनवण्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचपी ही मुक्त संगणकभाषा आतली काही नावं छोट्या अक्षरांत करून जुळवत असे. मध्येच तुर्की भाषेचे नियम लागू केले की मोठ्या 'आय'चं छोटं रूप पहिल्यासारखं होत नसे, आणि नोंदलेलं नाव सापडेनासं होई. ही तक्रार २००२ साली नोंदवली गेली. दुरुस्ती २०१३ च्या जूनमध्ये आली, ५.५ या आवृत्तीत. अकरा वर्षं!

दुरुस्ती छोटीशीच. यंत्राने स्वतःशी जुळवायच्या नावांना कोणत्याही देशाचे नियम लावायचे नाहीत. भाषेचे नियम माणसाने वाचायच्या मजकुरासाठी ठेवायचे.

मराठीलाही वाट पाहावी लागली. 'ॲ' या आपल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली.

आमच्या लायब्ररीचा प्रोग्राम मुक्त आहे, म्हणजे त्याची आतली मांडणी कुणालाही पाहता येते आणि दोष कळवता येतो. फ़ातिमा आणि आम्ही मिळून तक्रार लिहिली. पडद्याचा फोटो तेवढा पाठवला नाही, कारण फोटोत दोन्ही नावं सारखीच दिसतात. दोन्ही प्रकारे टाइप केलेली नावं फाइलमध्ये घालून पाठवली. कोणता कीबोर्ड, प्रोग्रामची कोणती आवृत्ती, काय शोधलं आणि काय मिळायला हवं होतं, हे चार ओळींत लिहिलं. रागाचा एक शब्द नाही. तीन आठवड्यांत सुधारित प्रोग्राम आला. जुन्या नोंदीही एकदा नव्या रूपात बदलून घ्याव्या लागल्या, त्या आपांनी एका दुपारी केल्या.

आपल्या घरांत ज़ुबैर असतील, ख़दीजा असतील, ग़फ़ूरचाचा असतील. कुठल्या यादीत नाव सापडलं नाही, तर आधी ते पुन्हा टाइप करून पाहा, मग यादी डोळ्यांनी वाचा, आणि नुक्त्याची शंका बोलून दाखवा. तेवढ्यासाठी दुसरं कार्ड काढू नका. एका माणसाची दोन नावं झाली की पुढचा गुंता मोठा होतो. आणि दोष सापडला तर कळवा. आपल्या अक्षराची अडचण आपल्यालाच आधी दिसते. आपण गप्प बसलो, तर ती दुसऱ्या कुणाला दिसणारच नाही.

फ़ातिमाने परवा दोन पुस्तकं आणली. कार्डावर नाव नुक्त्यासकट आहे.