कवडसे आणि क्ष-किरण

आमच्या कवठे महांकाळात "म्हैसाळचं पाणी आलं का?" हा प्रश्न पहिला, बाकी सगळं नंतर. त्यामुळे फायनल इयरला 'अ‍ॅस्ट्रोसॅट'च्या डेटावर काम करणार म्हटल्यावर आण्णांनी एवढंच विचारलं, "त्यातनं नोकरी लागंल का?" मेसमधल्या मंडळींचा सल्ला आणखी सोपा : पैसे टाक, रेडिमेड प्रोजेक्ट घे, व्हायव्हापुरतं पाठ कर.

हे रेडिमेड प्रकरण स्टाफरूमलाही माहीत आहे, उगाच लाजायला नको.

माझं म्हणणं असं, की ही दुर्बीण म्हणजे आपल्याच सिलॅबसचा विषय आहे. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण वातावरण अडवतं (म्हणून आपण जिवंत आहोत!), तेव्हा यंत्र वर न्यावंच लागतं. २८ सप्टेंबर २०१५ ला पीएसएलव्हीने अ‍ॅस्ट्रोसॅट सुमारे ६५० किलोमीटरवर नेऊन सोडला. त्याची क्ष-किरण यंत्रं घडवण्यात मुंबईच्या टीआयएफआरचा आणि पुण्याच्या आयुकाचा हात आहे. पुणे म्हणजे आपल्याला एका रात्रीची एसटी!

क्ष-किरण साध्या आरशावर सरळ पडले तर शोषले जातात. तळ्यात चपटा दगड सरळ टाकला तर बुडतो, तिरका भिरकावला तर टप्पे घेत जातो. तसा आरसा जवळजवळ किरणांच्याच दिशेत आडवा धरावा लागतो. जास्त ऊर्जेच्या किरणांना तोही पुरत नाही. मग 'सीझेडटीआय' यंत्रात आरसाच नाही, ठरावीक भोकं पाडलेला धातूचा पत्रा आहे. बेदाण्याच्या शेडमध्ये गळक्या पत्र्यातून कवडसे पडतात, ऊन सरकलं की तेही सरकतात. आमची आई त्यावरून वेळ सांगायची. इथे खाली १६ हजारांवर पिक्सेल कवडसे मोजतात आणि गणिताने किरण कुठून आले ते काढतात. याच यंत्राने क्रॅब पल्सारच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजलं, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

पाच वर्षांसाठी बनवलेल्या या उपग्रहाला २०२५ मध्ये दहा वर्षं झाली. जुना डेटा इस्रो फुकट देते. मग विकतचा 'लाइन फॉलोअर' पुन्हा कशाला?

आण्णांना उत्तर अजून दिलेलं नाही. इंटरव्ह्यूत निदान स्वतःचं काम सांगता येईल, इतकंच माझ्याकडे आहे. आम्ही तिघं आहोत, चौथा पाहिजे. लिनक्स येत नसेल तरी चालेल, आम्हालाही कुठं येतंय! रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर या.