शिस्त कोणाची, कशासाठी?

उन्हाळ्याच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. अमरावती-अकोल्यात शाळेची पहिली घंटा होते, त्याच सुमारास २५ जून हा दिवस येतो. १९७५ साली याच रात्री देशावर आणीबाणी लादली गेली. दरवर्षी या दिवशी सभा होतात, सत्याग्रहींचे सत्कार होतात, भाषणे होतात. परंतु ज्यांनी तो काळ पाहिला नाही, त्या दहावी-बारावीच्या मुलांच्या हाती यातून काय लागते? तारीख पाठ होते, आकडे पाठ होतात, आणि ‘तेव्हाचे लोक गप्प कसे बसले?’ हा खरा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

हाच प्रश्न एप्रिल १९६७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या पालो आल्टो येथील कबर्ली हायस्कूलमध्ये विचारला गेला होता. रॉन जोन्स हे तरुण शिक्षक नाझी जर्मनीचा इतिहास शिकवीत होते. इतके अत्याचार होत असताना सामान्य जर्मन माणूस ‘आम्हाला ठाऊकच नव्हते’ असे कसे म्हणू शकतो, हे मुलांना उमगत नव्हते. जोन्स यांनी उत्तर सांगितले नाही. वर्गालाच त्या उत्तराचा अनुभव दिला. पहिल्या दिवशी ताठ बसण्याचा सराव झाला. प्रश्न विचारायचा तर बाकाशेजारी उभे राहून, आधी गुरुजींचे नाव घेऊन, मोजक्या शब्दांत. शिस्तीतून सामर्थ्य, ही पहिली घोषणा. दुसऱ्या दिवशी एकजुटीतून सामर्थ्य आणि हाताची एक विशिष्ट सलामी. तिसऱ्या दिवशी सदस्यपत्रे आली, आणि नियम मोडणाऱ्यांची खबर देण्याचे काम काही मुलांकडे सोपविले गेले. जोन्स यांनी पुढे लिहिलेल्या हकिगतीनुसार, ज्यांना हे काम दिले नव्हते अशी कितीतरी मुलेही आपणहून मित्रांच्या चुगल्या घेऊन येऊ लागली. तीसेक मुलांचा वर्ग काही दिवसांत दोनशेच्या पुढे गेला. पाचव्या दिवशी ‘राष्ट्रीय नेत्याचे भाषण’ ऐकण्यासाठी सारे सभागृहात जमले. समोरच्या दूरचित्रवाणी संचावर काहीच उमटले नाही. नेता नव्हताच. ज्यांना तुम्ही नावे ठेवीत होता त्यांच्याच वाटेने तुम्ही आलात, असे सांगून जोन्स यांनी नाझी राजवटीचे चित्रण दाखविले. सभागृह सुन्न झाले.

या प्रयोगाचे वर्म क्रौर्यात नाही, गोडव्यात आहे. त्या मुलांना कोणी मारले नव्हते. उलट वर्ग नीटनेटका झाला, उत्तरे चटपटीत येऊ लागली, मागच्या बाकावरच्या मुलाला आपण कोणीतरी आहोत असे वाटू लागले. हुकूमशाहीचे पहिले रूप असेच प्रसन्न असते. ती दाराशी येते तेव्हा तिच्या हातात बेडी नसते, वेळापत्रक असते.

अमरावतीकरांना तर यासाठी पालो आल्टोपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. पराधीन देशाच्या तरुणांनी परक्या भूमीवर आपली विद्या दाखवावी, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण त्या तरुणांना दिसलेले बर्लिन कोणते होते? झाडून स्वच्छ केलेले, ध्वजांनी सजलेले, घड्याळाच्या काट्यावर चालणारे. ज्यूंना मज्जाव करणारे फलक पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून स्पर्धेच्या काळापुरते रस्त्यांवरून उतरविले गेले होते. ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे न्यूरेंबर्गचे कायदे मात्र आदल्याच वर्षी झाले होते. पाहुण्याला शिस्त दिसते. शिस्तीखाली दडपलेले दिसत नाही. हा दोष पाहुण्याचा नाही, पण धडा मात्र त्याने घ्यायचा असतो.

आपल्या देशात तो प्रसंग एकोणचाळीस वर्षांनी आला. गाड्या वेळेवर धावू लागल्या, कचेऱ्यांत बाबू वेळेवर दिसू लागले, संप थांबले. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात ‘थोडी शिस्त हवीच होती’ हे वाक्य ऐकू येऊ लागले. त्याच वेळी वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व तपासणी होती. ४ जुलै १९७५ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघासह अनेक संघटनांवर बंदी आली. शाह आयोगाच्या नोंदीनुसार मिसा आणि भारत संरक्षण कायद्याखाली देशभरात एक लाखाहून अधिक माणसे डांबली गेली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे संघाचे स्वयंसेवक, समाजवादी आणि जमाते इस्लामीचे कार्यकर्ते एकाच कारागृहात आले. स्वातंत्र्य हे विचारसरणी पाहून वाटायचे नसते, हे तिथे अनेकांना प्रथमच कळले.

मिसाबंदीला न्यायालयात दाद मागता येते, असा निर्णय ज्या उच्च न्यायालयांनी त्या काळात दिला, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होते. अकोला-अमरावतीचे दावे जिथे चालतात तेच हे खंडपीठ. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सारे निर्णय चार विरुद्ध एक मताने फिरविले. तो एक आवाज न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा होता. सरन्यायाधीशपदासाठी पुढे त्यांची ज्येष्ठता डावलली गेली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो बहुमताचा निकाल रद्दबातल ठरविला. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, बंदिवासातून आजारी होऊन बाहेर पडलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे त्यांनाही कारावास घडला. जोन्स यांच्या वर्गात अशी एकटी उभी राहणारी मुले फार थोडी होती. देशातही ती थोडीच होती.

वऱ्हाडाने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे स्मरणात ठेवली पाहिजे. मार्च १९७७ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारने सत्ताधारी पक्षाला एकही जागा दिली नाही. त्याच निवडणुकीत अमरावती आणि अकोला या दोन्ही मतदारसंघांतून काँग्रेसचेच उमेदवार लोकसभेत गेले. ज्या भूमीने डॉ. पंजाबराव देशमुख आणि ब्रिजलाल बियाणी यांना घटना समितीत पाठविले, त्या भूमीने त्या घटनेच्या कसोटीच्या वेळी दिलेला हा कौल आहे. पक्षनिष्ठा, नेत्यांचा गावोगावचा संपर्क अशी कारणे सांगता येतील. मतदारांना दूषणे देण्याचेही कारण नाही. पण ‘इथे असे घडलेच नसते’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. कबर्लीतल्या मुलांनाही पहिल्या दिवशी तसेच वाटत होते.

मग शिस्त वाईट काय? ज्या घरांत शाखेची वेळ पाळली जाते, संचलनाचे पाऊल जुळले तर मन प्रफुल्लित होते, त्या घरांनी तर हा प्रश्न टाळता कामा नये. त्याचे उत्तर वऱ्हाडाला लागूनच असलेल्या पवनारात सापडते. आणीबाणीला विनोबांनी ‘अनुशासन पर्व’ म्हटले, असा डांगोरा सरकारने पिटला. मौन संपल्यावर विनोबांनी त्या शब्दाचा आपला अर्थ उलगडला. शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे; जो निर्भय, निर्वैर आणि निष्पक्ष तो आचार्य. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी आचार्यांचे संमेलन भरविले. त्या संमेलनाने परिस्थिती पूर्ववत करण्याची वाट सुचविली, तेव्हा सत्तेला ते अनुशासन रुचले नाही.

भेद इथे आहे. स्वीकारलेल्या शिस्तीत ‘का?’ विचारण्याची मुभा असते आणि न पटल्यास बाहेर पडण्याची वाट उघडी असते. लादलेल्या शिस्तीत प्रश्न हाच अपराध ठरतो आणि शेजारी खबऱ्या होतो. ही कसोटी केवळ १९७५ च्या सत्ताधाऱ्यांना लावून चालणार नाही. प्रत्येक सरकारला, प्रत्येक संघटनेला, आपल्या स्वतःच्याही संघटनेला ती लावली पाहिजे. ज्यांनी दडपशाही सोसली त्यांच्यावर हे दायित्व अधिक आहे, कारण अज्ञानाची सबब त्यांच्यापाशी नाही.

जोन्स यांचा प्रयोग वऱ्हाडातील शाळांनी जसाच्या तसा करावा, असे कोणी म्हणणार नाही. मुलांना अंधारात ठेवून त्यांच्या मनाशी असे खेळणे योग्य नव्हे. पण धडा अनुभवातून देता येतो. अमरावतीत, अकोल्यात तेव्हा तुरुंग पाहिलेले वृद्ध आजही आहेत. दरवर्षी थोडे कमी होत आहेत. त्यांना सत्काराच्या शालीपुरते न बोलावता वर्गात बोलवावे. ग्रंथालयातील १९७५-७६ च्या वृत्तपत्रांचे गठ्ठे उघडून, काय छापले आहे यापेक्षा काय छापलेले नाही ते मुलांना शोधू द्यावे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित होऊ नये अशी तरतूद का केली, याची चर्चा घडवावी. आणि गुरुजींनी कधी मुद्दाम चुकीचे विधान करावे. कोणता विद्यार्थी उठून ‘सर, हे चूक आहे’ म्हणतो ते पाहावे.

तो उठला तर त्याला खाली बसवू नये. ज्या वर्गात असा एक विद्यार्थी निर्भयपणे उभा राहतो, त्या वर्गाची शिस्त बिघडलेली नसते.