स्फूर्तीची सबब

‘कादंबरी डोक्यात तयार आहे, स्फूर्ती येताच कागदावर उतरवीन,’ असे सांगणारे लेखकमित्र आपणा सर्वांच्याच परिचयाचे आहेत. वीस वर्षे हे ऐकल्यावर आता स्पष्ट बोलतो: ती कादंबरी नाहीच.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप १८६७ पर्यंत टपाल खात्यात नोकरीस होता. पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला २५० शब्द लिही. झालेल्या पानांची नोंद रोजनिशीत होई. आळसाचा दिवसही तिथे उघडा पडे. (कॉफी आणून उठवणाऱ्या गड्याला वर्षाला पाच पौंड जादा!) अशा ४७ कादंबऱ्या झाल्या. त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये, आत्मचरित्रातून ही रीत कळताच रसिकांनी नाके मुरडली. ही कारकुनी, कला नव्हे!

आमचे मित्रही हेच म्हणतात. पहिला खर्डा कच्चा असायचाच, पसरट प्रकरण मागाहून छाटता येते, हे त्यांना पटत नाही. ‘बार्चेस्टर टॉवर्स’चा (१८५७) बराचसा भाग ट्रॉलपने आगगाडीत, पेन्सिलीने लिहिला, पत्नीने नंतर त्याची प्रत केली. आमचे मित्र रोज जाऊन-येऊन दोन तास लोकलमध्ये असतात. परतताना बसायला जागा मिळते, असे तेच सांगतात.