विश्लेषण : टोकन दिले म्हणजे घर आपले झाले? पुनर्विक्रीच्या फ्लॅटमध्ये पुढे काय?

भाव ठरला, विक्रेत्याने होकार दिला, टोकनही गेले. मात्र कायद्याच्या दृष्टीने घर अजून विक्रेत्याचेच असते. पुढच्या पायऱ्यांचा क्रम चुकल्यास आयुष्याची बचत अडकू शकते.

विसारपावतीत काय हवे?

टोकन बँकेमार्फतच द्यावे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्यानुसार मनाई आहे. कर्ज नामंजूर झाले किंवा मालकी हक्कात दोष निघाला, तर टोकन किती दिवसांत परत मिळेल, हे पावतीत लिहून घ्यावे.

तपासणी कशाची?

वकिलाकडून साधारण ३० वर्षांचा टायटल सर्च, आधीच्या खरेदीखतांची साखळी, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीची थकबाकी पाहावी. विक्रेत्याचे कर्ज बाकी असल्यास त्याच्या बँकेचे थकीत रकमेचे पत्र घेऊन ती रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरावी.

खिशातून किती?

पुण्यातील ८० लाखांच्या फ्लॅटचे उदाहरण घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळते. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ६४ लाख. उरलेले १६ लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५.६० लाख आणि नोंदणीचे ३० हजार धरून २१.९० लाख स्वतःचे हवेत. टोकन देण्याआधीच हा हिशेब करावा. रेडी रेकनरनुसार मूल्य अधिक असल्यास शुल्क त्यावर लागते.

मालकी केव्हा मिळते?

साठेखत म्हणजे विक्रीचा करार. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार केवळ त्याने मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागते. सह्यांनंतर चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. विक्रेता निवासी भारतीय असेल आणि व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिकचा असेल, तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. अनिवासी विक्रेत्यासाठी नियम वेगळे आहेत.

शेवटी काय?

अखेरची रक्कम देतानाच किल्ल्या, मूळ कागदपत्रे आणि ताबापावती घ्यावी. इंडेक्स-टूवरील नाव, फ्लॅट क्रमांक आणि क्षेत्रफळ तपासावे. त्यानंतर शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कर आणि वीजबिलावरील नाव बदलून घ्यावे.